सही करू की नको? (कॉलेजचं एक परिपत्रक, एक पुढे ढकललेलं भाषण आणि 'मी वाचलं'वाला विद्यार्थी)

शब्दवेल्हाळ | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, आणि तोही डोक्याला ताप झाला म्हणून. मी गोव्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेज कुठलं ते विचारू नका. ओळखलंत तरी इथं लिहू नका. आपला गोवा तो केवढा, कोण कुणाचा मावसभाऊ निघेल नेम नाही. विद्यार्थ्याबद्दलचे तपशील मी बदलले आहेत.

झालं असं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंनी शनिवारच्या अभ्यासमंडळात भाषण ठेवलं. विषय, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा १६ एप्रिल २०२५ चा निकाल. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' हा शब्द जैविक लिंगाच्या अर्थानंच वाचायचा, असं पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. आणि त्याच निकालात ट्रान्स, म्हणजे पारलिंगी, व्यक्तींना भेदभावापासून असलेलं संरक्षण कायम आहे असंही म्हटलं. यावर तिथल्या स्त्रीवाद्यांतच उभी फूट आहे. बाईंना ती फूट समजावून सांगायची होती, एवढंच.

फलक लागला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे दोन तक्रारी गेल्या. एकीत लिहिलं होतं, हे भाषण ट्रान्सविरोधी आहे. दुसरीत लिहिलं होतं, असले ट्रान्सबिन्सचे परदेशी विषय आमच्या मुलांपुढे नकोत. दोन्ही तक्रारदारांना कार्यक्रम पुढे ढकलल्याचं एकच पत्र गेलं. दोघंही खूश. मला तर त्या पत्राची फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावावीशी वाटली.

त्याच आठवड्यात आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता-समितीकडून, परिपत्रक आलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की आमच्याकडे पॉलिसींचं पीक येतं. सातव्या निकषात लिंगसमानतेचे गुण असतात. या परिपत्रकात एक ओळ आहे: 'अध्यापन-साहित्यात पारलिंगी व्यक्तींचे चित्रण सकारात्मकच असेल याची मी हमी देतो/देते.' खाली नाव, हुद्दा, सही. शुक्रवारपर्यंत.

आता विद्यार्थ्याचं. पदव्युत्तर वर्गात एक मूल आहे. तोंडी परीक्षेच्या वेळी माझ्या लक्षात आलं की हे मूल 'मी आलो' म्हणत नाही आणि 'मी आले'ही म्हणत नाही. 'मी वाचलं', 'मी संदर्भ तपासले', 'मला वाटलं', 'मी उद्या देईन', 'मला जायचंय'. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या मागे जातो, बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. भविष्यकाळातही कळत नाही. वीस मिनिटांच्या तोंडी परीक्षेत या मुलानं एकदाही 'गेलो-गेले'च्या खड्ड्यात पाय टाकला नाही. मी गेली अठरा वर्षं कर्मणी प्रयोग शिकवते. त्याचा असा उपयोग कुणी केलेला पाहिला नव्हता.

पुढे एक दिवस वर्गाबाहेर थांबून विचारणा झाली, 'बाई, मला आलास म्हणाल का?' म्हटलं, म्हणेन. पहिल्या दिवशी तीनदा जीभ घसरली, आठवड्याभरात बसली.

म्हणजे 'आलास' म्हणणं मला जड गेलेलं नाही. ही हमी जड जातेय. का, ते मला स्वतःलाच नीट मांडता येत नाहीये म्हणून इथं आले.

---

बांगडा_करी | सोमवार, रात्री १०.५२

पयला! बाई, सही करा आणि घरी जाऊन नुस्त्याचं कालवण करा. नॅकच्या फायली कोण वाचतो?

---

तिसवाडीकर | सोमवार, रात्री ११.१५

करू नका. साफ करू नका. मी ३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. 'सकारात्मकच' हा शब्द विज्ञानाच्या वर्गात चालत नाही. उद्या एखाद्या संशोधनात औषधोपचाराचा परिणाम वाईट दिसला तर मी तो शिकवायचा की नाही? २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला, किशोरवयीन मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांमागचा पुरावा कमकुवत आहे म्हणून. तो 'सकारात्मक' की 'नकारात्मक'? तो पुरावा आहे, बस्स.

हे पाणी कुठवर गेलंय पाहा. २०१७ साली उजेडात आलं की इंग्लंडातल्या बाथ स्पा विद्यापीठात एका मानसोपचारतज्ज्ञाला लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा माघारी फिरलेल्या लोकांवर संशोधन करायचं होतं. प्रस्ताव नाकारला. निष्कर्ष काय निघेल माहीत नसताना प्रश्नच नको, याला विद्यापीठ म्हणतात?

---

स्विंडनकर | मंगळवार, पहाटे २.०५ (आमच्याकडे अजून सोमवारच)

शब्दवेल्हाळबाई, ती ओळ वाचून मी खुर्चीतच उडालो. ही ओळ मी ओळखतो!

ससेक्स विद्यापीठाच्या ट्रान्स-समानता धोरणात जवळजवळ अशीच ओळ होती: संबंधित अभ्यासक्रमातलं साहित्य ट्रान्स लोकांचं आणि त्यांच्या जगण्याचं सकारात्मक चित्रण करील. तिथं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कॅथलीन स्टॉक यांचं मत असं की जैविक लिंगाला कायद्यात आणि धोरणात महत्त्व राहिलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना काढून टाका म्हणून आवारात पोस्टर लागली, तोंडं झाकलेली मुलं निदर्शनाला उभी राहिली, पोलिसांनी त्यांना सुरक्षेचे उपाय करायला सांगितले. महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. खरं सांगायचं तर कुलगुरू त्यांच्या बाजूनं जाहीरपणे बोलले होते. पण तोवर उशीर झाला होता.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या उच्चशिक्षण नियामकानं ससेक्सला ५,८५,००० पौंड दंड ठोठावला. यातली मेख लक्षात घ्या: पोस्टर लावणाऱ्या मुलांसाठी दंड झाला नाही. धोरणातल्या अशा ओळींमुळे माणसं आपणहून तोंड मिटून बसतात, यासाठी झाला. विद्यापीठानं त्याविरुद्ध कोर्टाची वाट धरली. त्यांचं म्हणणं, मग आम्ही छळ रोखायचा तरी कसा?

आणि गंमत म्हणजे ससेक्सची ती ओळही त्यांनी स्वतः लिहिलेली नव्हती. विद्यापीठांना असले सल्ले देणाऱ्या एका संस्थेचा नमुना होता, त्यावरून उतरवली. तुमच्या आयक्यूएसीनंही बहुधा गूगलवर शोधून पेन फिरवलं असणार. त्यांना दंडाची बातमी दिसली नाही, पॉलिसी दिसली!

---

बांगडा_करी | मंगळवार, सकाळी ७.३०

५ लाख ८५ हजार पौंड! आमच्या कॉलेजचं छप्पर गळतंय ते झालं असतं की दुरुस्त.

---

कुळागर | मंगळवार, सकाळी ९.१०

माझी मुलगी बारावीला आहे, पुढल्या वर्षी कॉलेजात जाईल. मला पालक म्हणून विचारायचंय, कुणी रागावू नका. 'आलास' म्हणा, नाव बदला, माझी काही हरकत नाही. पण वसतिगृहाचं काय, बाथरूमचं काय? हे विचारलं की लगेच आपण जुनाट ठरतो. ब्रिटनच्या बायका तरी हेच विचारत होत्या ना? मग ते भाषण रद्द कशाला करायचं? ऐकून तरी घेतलं असतं आम्ही.

---

गावठी_विचारवंत | मंगळवार, सकाळी ९.४०

[प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. एखाद्या समूहाला शिवीगाळ इथं चालत नाही. मत मांडायला बंदी नाही, हे दोन वेळा सांगून झालंय. — संपादक]

---

निळा_डोंगर | मंगळवार, दुपारी १.२५

मी सहसा वाचून निघून जातो. आज थांबलो, कारण हा धागा माझ्याबद्दल आहे. बाईंचा विद्यार्थी मी नव्हे. मी गोव्यात शिकलो, आता पुण्यात असतो. ट्रान्स पुरुष आहे.

बाई, 'मी वाचलं, मी बघितलं' ही युक्ती मी आठवीत शोधली होती. तुम्हाला ती व्याकरणाची करामत वाटली, मला ती पाठदुखीसारखी आठवते. प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी आतल्या आत उलथवून पाहायचं. 'मी दमले' म्हणायचं नाही, 'मला दमल्यासारखं झालंय' म्हणायचं. मित्र म्हणायचे, हा किती जड मराठी बोलतो.

तिसवाडीकरसर, तुमचा बाथ स्पाचा मुद्दा मला मान्य आहे. संशोधन व्हावं, माघारी फिरलेल्यांवरही व्हावं. तेही माझेच लोक आहेत. पण तुम्ही फक्त एकाच बाजूची दारं मोजताय. हंगेरीच्या सरकारनं २०१८ मध्ये लिंगभाव-अभ्यासाच्या पदव्युत्तर पदवीची मान्यताच काढून घेतली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २०२५ च्या उन्हाळी सत्रात बालसाहित्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेनं वर्गात लिंगओळखीचा विषय घेतला. एका विद्यार्थिनीनं उठून, हे शिकवणं कायदेशीर आहे का असं विचारलं, त्याचं चित्रीकरण झालं, ते राजकारण्यांपर्यंत पोचलं, आणि सप्टेंबरमध्ये प्राध्यापिकेची नोकरी गेली. विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही जावं लागलं. आणि इतकं लांब कशाला? ट्रान्स मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तक्रार होताच ती संकेतस्थळावरून गायब. तेव्हा अध्यापनस्वातंत्र्यावर धागा निघाल्याचं मला आठवत नाही.

कुळागरताई, तुमचा प्रश्न जुनाट नाही. मी कॉलेजची तीन वर्षं सकाळी चहा प्यायचो नाही, कारण दिवसभर कुठल्याच बाथरूममध्ये जाता येत नसे. तेव्हा बाथरूमचा प्रश्न मलाही पडतो, हे कळावं.

---

तिसवाडीकर | मंगळवार, दुपारी २.००

निळा डोंगर, एनसीईआरटीचं मला माहीत नव्हतं. चूक ती चूक. पुस्तिकेवर टीका करायची होती तर लेख लिहायचा, पुस्तिका उडवायची कशाला.

बाकी, चहाचं वाचून बरं नाही वाटलं.

---

वकीलबाब | मंगळवार, सायंकाळी ६.४५

कोर्टातून आत्ता आलो, म्हणून उशीर. बाई, तुम्ही दोन वेगळे कागद एका क्लिपमध्ये लावलेत, म्हणून डोकं दुखतंय. ते सोडवू.

संसदेनं २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला तेव्हा त्यात शिक्षणसंस्थांवर काय टाकलं? कलम ३: प्रवेश नाकारायचा नाही, अन्याय्य वागवायचं नाही. कलम ११: प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमायचा. कलम १३: भेदभावाविना शिक्षण द्यायचं. कलम १८ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षांची कैद आहे. या सगळ्याच्या मुळाशी सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल, ट्रान्स व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क मानणारा. त्यात 'सकारात्मक चित्रणाची हमी' हे शब्द मला कुठं सापडले नाहीत, चष्मा लावून पाहिलं.

आता प्राचार्यांना साधा प्रश्न विचारा: आपल्या कॉलेजचा कलम ११ खालचा तक्रार अधिकारी कोण? मी माझा काळा कोट पैजेवर लावतो की नेमलेला नाही. कायदा मागतो ते द्यायला खर्च आहे, माणूस नेमावा लागतो, बाथरूम बांधावं लागतं, ऑफिसातल्या क्लार्कला फॉर्म बदलावा लागतो. मत मागायला एक झेरॉक्स पुरते.

ब्रिटनचंच उदाहरण हवं असेल तर स्टॉकबाईंच्या पलीकडे पाहा. ट्विटरवरच्या मतांवरून काम गमावलेल्या माया फोरस्टेटर यांच्या खटल्यात जून २०२१ मध्ये अपिलाच्या न्यायाधिकरणानं सांगितलं की लिंग जैविक असतं, बदलत नाही, ही धारणा बाळगायला कायद्याचं संरक्षण आहे. त्याच निकालात हेही बजावलं की म्हणून सहकाऱ्याला मुद्दाम चुकीच्या लिंगानं हाका मारत छळायची मुभा मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीच्या जो फीनिक्स या प्राध्यापिकेचा निकाल आला. त्यांच्या अशाच मतांवरून सहकाऱ्यांनी त्यांना जो त्रास दिला तो छळच होता, असं ठरलं. म्हणजे छळ दोन्हीकडून होऊ शकतो आणि दोन्हीकडचा मोजता येतो.

आपल्याकडे अध्यापनस्वातंत्र्य नावाचा वेगळा हक्क घटनेत नाही. जे आहे ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९(१)(अ) च्या पदराखाली, तोही सेवानियमांनी ओढलेला. पणजीत एका प्राध्यापिकेवर २०२० मध्ये मंगळसूत्राबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून गुन्हा नोंदवला गेला होता, आठवतं ना? त्यामुळे हमीपत्रावर सही करताना हे लक्षात ठेवा, असला कागद उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आज 'सकारात्मकच' असेल. परवा दुसरं सरकार, दुसरा विषय, ओळ तीच.

---

सत्तरीकर | मंगळवार, रात्री ९.३०

वकीलबाब, दंडवत घ्या.

जरा अवांतर. आमच्याकडे काल्याच्या रात्री दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, येतो ना, पदर सावरत, तेव्हा अख्खं देवळाचं आवार चिडीचूप. माझा काका वीस वर्षं तारामती करायचा. सकाळी दाढी करून बागायतीत जायचा. कुणी काही विचारलं नाही. आपल्या संस्कृतीत हे सगळं होतंच, आपण उगाच इंग्लंड-अमेरिकेचे वाद डोक्यावर घेतो.

आणि सर्वनामांचं काय घेऊन बसलात! आमच्या कोंकणीत लहान मुलीला 'तें' म्हणतात. 'तें आयलें.' सरळ नपुंसकलिंग. माझ्या आजीच्या लेखी माझी बहीण अजून 'तें'च आहे, दोन मुलांची आई झाली तरी. कुणाला अपमान वाटत नाही.

---

निळा_डोंगर | मंगळवार, रात्री १०.१०

सत्तरीकर, काकांना नमस्कार. पण तुमच्या काकांना सकाळी दाढी करून 'तो' म्हणून बागायतीत जाता येत होतं. गावानं रात्रीची तारामती खपवून घेतली ती सकाळच्या दाढीच्या भरवशावर. सकाळी लुगडं नेसून कुदळ मारली असती तर गावानं विचारलं असतं.

'तें'चं म्हणाल तर मलाही आजी 'तें' म्हणायची. सगळ्यात सुखाचा काळ तो. 'तें' आहे तोवर कुणी काही ठरवलेलं नसतं. मग एक दिवस चुलतीनं 'ती' म्हटलं आणि घरातल्या सगळ्यांनी बदललं. मला कुणी विचारलं नाही.

---

शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री ११.२०

निळा डोंगर, करामत वाटली ते मागे घेते. बाहेरून पाहणाऱ्याला करामत दिसते.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. ओहायोतल्या शॉनी स्टेट विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक होते, मेरिवेदर. ट्रान्स विद्यार्थिनीला स्त्रीवाचक संबोधन वापरणं त्यांच्या धर्मश्रद्धेत बसेना. त्यांनी तोडगा काढला: मी हिला नुसत्या आडनावानं हाक मारतो, सर्वनाम वापरतच नाही. विद्यापीठानं आधी बरं म्हटलं, मग लेखी ताकीद दिली. ते कोर्टात गेले, मार्च २०२१ मध्ये अपिलात त्यांच्या बाजूनं कौल पडला, आणि २०२२ मध्ये विद्यापीठानं ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

मी हा तोडगा मराठीत करून पाहिला. 'नाईक, उशीर का झाला?' इथवर जमतं. 'नाईक, काल का आला नाहीस?' झालं, अडकलो! इंग्रजीत लिंग सर्वनामात बसतं, म्हणून ते टाळता येतं. आपल्याकडे ते क्रियापदात मुरलेलं. कोंकणीत वर्तमानकाळ तरी दयाळू आहे, 'तो येता, ती येता, तें येता', सगळे एकाच बसमध्ये; मराठीत तिथंही 'येतो-येते'. त्यामुळे 'मी तटस्थ राहतो' ही सोय मराठीच्या मास्तरला नाहीच. तोंड उघडलं की बाजू घेतली.

म्हणून मी अशी विभागणी केलीय. समोरच्या माणसाशी बोलताना तो सांगेल ते क्रियापद. हे मी त्याच्याशी बोलतेय, शास्त्राचा निर्णय देत नाहीये. पण फळ्यासमोर उभी राहून 'लिंग म्हणजे काय' या प्रश्नावर बोलताना माझ्या सहकारी बाईंना, तिसवाडीकरसरांना, निळ्या डोंगराला, कुणालाही आधीच सही केलेलं उत्तर खिशात घेऊन यावं लागू नये.

---

तिसवाडीकर | बुधवार, सकाळी ६.५०

आणि एखाद्या मास्तराला प्रामाणिकपणे 'आलास' म्हणवत नसेल तर? त्याची सदसद्विवेकबुद्धी तुमच्या विभागणीत कुठं बसते? मेरिवेदर जिंकला तो याच मुद्द्यावर. तुम्हाला जड गेलं नाही म्हणून कुणालाच जाऊ नये?

---

शब्दवेल्हाळ | बुधवार, सकाळी ७.१५

सर, याचं माझ्याकडे नीट उत्तर नाही. मी त्या मास्तराची नोकरी मागणार नाही. पण तोंडी परीक्षेच्या त्या खुर्चीत रोज त्या मुलाला बसायचंय, हेही विसरणार नाही. गुण मास्तराच्या हातात असतात, मुलाच्या नाही.

---

कुळागर | बुधवार, सकाळी १०.००

निळा डोंगर, तुमचं ते चहाचं वाचून रात्री झोप लागली नाही. वसतिगृहाबद्दलचा माझा प्रश्न तसाच आहे, पण आता तो तुम्हाला घेऊन विचारीन म्हणते. हैदराबादच्या नालसार या कायद्याच्या विद्यापीठात २०२२ मध्ये वसतिगृहाचा एक मजला वेगळा राखला होता असं वाचल्याचं आठवतं. असं काही आपल्याकडे का होत नाही?

---

वकीलबाब | बुधवार, दुपारी १.४०

बरोबर आठवतंय. आणि आपल्याकडे का नाही म्हणाल तर आपलं घोडं अजून नावापाशीच अडलंय. गोव्यात नाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. अर्ज करा, जाहीर नोटीस निघते, कुणाची हरकत असेल तर यावं. परप्रांतीयांनी गोंयकारांची आडनावं लावू नयेत या काळजीतून हे कडक ठेवलंय, त्याला कारण आहे. पण माझ्या एका अशिलाच्या नोटिशीचं कात्रण गावातल्या रेशनच्या दुकानात भिंतीला चिकटवलेलं होतं. मुलीचं नाव, बाणासारखी रेघ, मुलाचं नाव. हरकत कुणी घेतली नाही हो. नुसतं चिकटवलं.

---

अनुस्वार | बुधवार, सायंकाळी ५.३०

या धाग्यावर एका माणसाची आठवण कुणीच काढली नाही, आणि तो मराठीचा प्राध्यापक होता. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, मराठीत कविता लिहायचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरे घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले. घुसणाऱ्यांचं काय व्हायचं ते होवो, विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरस यांना. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

त्यांचा प्रश्न लिंगओळखीचा नव्हता, समलैंगिकतेचा होता. सगळं एका टोपलीत टाकू नये हे कळतं. पण आपण इथं अध्यापनाचं स्वातंत्र्य आणि माणसाची ओळख अशी दोन पारडी करून बसलोय. सिरस दोन्ही पारड्यांत एकदम बसले होते. त्यांना त्यांचा विषय शिकवू दिला नाही, कारण ते जे होते ते होते.

---

बांगडा_करी | बुधवार, सायंकाळी ५.५०

आज विनोद नाही.

---

सत्तरीकर | गुरुवार, सकाळी ८.१५

काकांना फोन केला होता. विचारलं, सकाळी लुगडं नेसून बागायतीत गेला असतात तर? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'आमच्यातला एक गेला होता. तो मग मुंबयला गेला.' याउपर बोलले नाहीत.

---

शब्दवेल्हाळ | रविवार, रात्री ९.००

उशिरानं लिहितेय. काय झालं ते सांगते.

वकीलबाबांचं ऐकून गुरुवारी प्राचार्यांकडे गेले. कलम ११ चा अधिकारी कोण, विचारलं. त्यांनी घंटी दाबून हेडक्लार्कना बोलावलं. हेडक्लार्कनी आयक्यूएसीच्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, नेमायचा आहे. कोट वाचला, वकीलबाब.

'सकारात्मकच' ही ओळ ससेक्सच्या दंडासकट दाखवली. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. ते घाबरलेले आहेत, दोन्ही तक्रारदारांना. शेवटी 'सकारात्मकच'च्या जागी 'आदरपूर्वक' आलं. 'हमी' मात्र तशीच राहिली, कारण नमुन्यात हमी आहे. आणि मी सही केली. शुक्रवारी साडेचारला, सगळ्यांच्या शेवटी. स्विंडनकर, तिसवाडीकरसर, रागावा. घरी येताना सारखं वाटत होतं की 'आदरपूर्वक' म्हणजे काय हेही उद्या कुणीतरी ठरवेलच.

भाषण झालं, पण कॉलेजात नाही. गावातल्या मराठी वाचनालयाच्या माडीवर, १४ माणसं, त्यातले दोघे पेपर वाचायला आलेले आणि अडकलेले. सहकारी बाई सव्वा तास बोलल्या. चांगलं बोलल्या, दोन ठिकाणी मला पटलं नाही. माझा विद्यार्थी मागच्या बाकावर होता. त्यानं उठून विचारलं की कायद्यातला 'स्त्री' शब्द आणि फॉर्ममधला 'स्त्री' शब्द एकच आहे का, आणि नसेल तर मी फॉर्म भरताना कुठला वाचायचा. बाईंनी उत्तर दिलं, ते त्याला पटलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा दिलं. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर त्यांनी चहा-बन खाताना तसं सांगितलं नाही.

रात्री त्याचा व्हॉट्सॲप आला. त्याला विचारून इथं टाकतेय:

'बाई, शेवटच्या मुद्द्याला मी उत्तर देणार होतो, पण शेवटची बस चुकली असती म्हणून निघालो. लेखी देतो.'

---

बांगडा_करी | रविवार, रात्री ९.१०

बस मिळाली का?

---

शब्दवेल्हाळ | रविवार, रात्री ९.१२

मिळाली. उभ्यानं गेला.